उजव्या चाकाची खूण

त्यांनी मला खोली दिली ती माझा पाय बघून.

गंगाखेडच्या एका शाळेत ग्रंथपाल म्हणून रुजू झालो, तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराच्या पहिल्या भडक्याला पुरतं वर्षही उलटलं नव्हतं. गावात खोल्या रिकाम्या होत्या. पण मी नाव सांगितलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. अकरा दिवस मी शाळेच्या वाचनालयात दोन कपाटांच्या मधे सतरंजी टाकून झोपलो. बाराव्या दिवशी बसस्टँडसमोरचा चहावाला म्हणाला, "गंगेकडं जायच्या रस्त्याला ब्रेकवाले मिस्त्री हायेत. त्यांच्या मागची खोली मोकळी हाय. मानूस जरा येगळाय. पन बगा जाऊन."

मी गेलो तेव्हा एका जीपखालून फक्त दोन पाय दिसत होते. मी त्या पायांनाच नमस्कार केला आणि खोलीचं विचारलं.

"वजन किती?" खालून आवाज आला.

"कशाचं?"

"तुमचं. आनिक कशाचं?"

"असेल पन्नास-बावन्न किलो."

"चप्पल काढा आन् वर बसा. स्टेरिंगसमोर. मधलं पेडल उजव्या पायानं दाबा. दनका देऊ नका. म्हशीच्या कासेला हात लावल्यावानी दाबा."

मी जन्मात कधी गाडीच्या त्या बाजूला बसलो नव्हतो. पेडल दाबलं. "आता धरा," ते म्हणाले. "मी म्हनल्याबिगर सोडायचं न्हाई." खाली पाना फिरल्याचा आवाज झाला आणि माझ्या पायाखालचं पेडल आपोआप खोल जाऊ लागलं, चिखलात पाय रुतावा तसं. पाना परत फिरला. "सोडा." मी सोडलं. "दाबा. धरा." असं वीस-बावीस वेळा झालं. मग ते बाहेर आले. पन्नाशीच्या अलीकडचे, वाळलेले, भुवयांवर धूळ. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. पायाकडे बघितलं.

"पाय बरा हाय. घाई न्हाई पायाला. सामान कवा आनताव?"

"माझं नाव—"

"नाव ऱ्हाऊ द्या. नावानं काय हवा निघत न्हाई."

ब्रेकची हवा काढणं हे एका माणसाचं काम नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ब्रेकच्या नळीत तेल असतं. दुरुस्ती करताना त्या तेलात हवा शिरते, आणि हवा असली की पेडल पोकळ लागतं, गाडी थांबत नाही. ती हवा काढायला एकानं वर बसून पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं चाकापाशी बसून तोटी सैल करायची. हवा निघाली की दुसऱ्यानं तोटी आवळायची आणि मगच पहिल्यानं पाय उचलायचा. वरच्यानं क्षणभर आधी पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. दुसऱ्या गॅरेजांमधून या कामाला कुणी ना कुणी शिकाऊ असतो. मिस्त्रींनी कुणी ठेवला नव्हता. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला ते हाक मारायचे. टपालवाला, गवंडी, एकदा तर रामनामाची चादर पांघरलेला एक गोसावी त्यांच्यासाठी पेडल दाबून गेल्याचं मी पाहिलं आहे. मी राहायला गेल्यावर रस्त्यावरच्या लोकांची त्यातून सुटका झाली.

ते फक्त ब्रेकचं काम करत. इंजिनाला हात लावत नसत. कुणी म्हणालं, "मिस्त्री, गाडी चालूच होईना, बगा की जरा," तर ते म्हणायचे, "चालू न झालेल्या गाडीनं आजवर कुनाचं वाईट केलं न्हाई," आणि त्याला दुसऱ्या गॅरेजची वाट दाखवायचे.

गाडीचा मालक जे सांगायचा त्यावर त्यांचा कधी विश्वास नसे. तो म्हणायचा, गाडी डावीकडे ओढते. ते ऐकून घ्यायचे आणि काहीच ऐकलं नाही असे गाडीत बसायचे. गंगेकडे, म्हणजे नदीकडे जाणाऱ्या उतारावर गाडी नेऊन तीनदा थांबवायचे. मग खाली उतरून चारही चाकांच्या मधल्या लोखंडी टोप्यांना, म्हणजे ड्रमना, उलटा हात लावायचे. आजारी लेकराच्या कपाळाला आई लावते तसा. "ह्यो तापलाय," म्हणायचे. जो जास्त तापलेला तो अडकून घासतो आहे, जो गार तो काही करतच नाही. "मालक सांगतो ते दुखनं नसतंय, गुरुजी. मालक आपली भीती सांगतो. दुखनं हाताला लागतंय."

मी शिकवत नव्हतो, पुस्तकांची नोंद ठेवत होतो, पण ते मला गुरुजीच म्हणत. मिस्त्रींची जात मला दुसऱ्या वर्षी कळली, तीही त्यांच्या तोंडून नाही.

काम झाल्यावर "झालं" असं ते कधी म्हणत नसत. "बघू," म्हणत. मग मालकाला स्वतः चालवायला लावून परत त्याच उतारावर नेत. मालकाचा पाय तीनदा पेडलवर पडल्याशिवाय किल्ली त्याच्या हातात जात नसे. गाडीत वऱ्हाड खोळंबलेलं असो की पेशंट, या बाबतीत ते ऐकत नसत. उलट म्हणत, "पेशंट हाय म्हनूनच."

एकदा जवळच्या एका गावचे बडे शेतकरी पांढरी अँबॅसडर घेऊन आले. त्यांचा ड्रायव्हर सुट्टीवर होता. मिस्त्रींनी चारही चाकं उघडली, रबरं बदलली, आणि हवा काढायची वेळ आली तेव्हा मला हाक मारली. मी पुस्तकात बोट ठेवून दाराशी आलो.

मालकांनी माझ्याकडे बघितलं आणि मग गाडीखाली वाकून बघितलं. "मिस्त्री, ह्यो तुमचा भाडेकरू न्हवं? वस्तीतला?"

"व्हय."

"जागा बी कुनाला द्यायलाव तुमी! ते तुमचं तुमी बगा. पन माझ्या गाडीत न्हाई बसायचा त्यो."

"बरं," खालून मिस्त्री म्हणाले. "मग तुमी बसा."

"मी?"

"पाय पाहिजे. कुनाचा बी चालतंय. पायतान तेवढं काढा."

कडक इस्त्रीचं धोतर सावरत ते बसले. त्यांनी पेडलवर असा पाय आदळला की गाडी हलली. "धरा," मिस्त्री म्हणाले. धरलं. पण पेडल खाली जाऊ लागलं तसा त्यांना काहीतरी बिघडल्यासारखं वाटलं आणि त्यांनी पाय उचलला.

"कामून सोडलाव? हवा घुसली की. पुन्ना पहिल्यापासून."

तीनदा असं झालं. चौथ्या खेपेला मालक वैतागून म्हणाले, "किती येळ धरायचं मानसानं?"

"म्होरचा म्हनेस्तवर."

"आन् म्होरचा न्हाईच म्हनला तर?"

"तर धरूनच बसायचं," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती.

तासाभरानं मालकांची पिंढरी थरथरायला लागली. ते उतरले, धोतरानं कपाळ पुसलं, आणि माझ्याकडे न बघता रस्त्याकडे तोंड करून म्हणाले, "बोलवा त्येला."

मी चप्पल काढून बसलो. बैठक त्यांच्या अंगानं गरम झालेली होती. मला जिंकल्यासारखं वाटलं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. खरं तर माझाच पाय कापत होता. ते खालून मिस्त्रींना पेडलच्या हालचालीवरून कळलं असावं. "सावकाश, गुरुजी," ते म्हणाले. "गाडीला काय बी ठावं न्हाई."

हे सगळं वाचून ते गप्पिष्ट होते असं कुणाला वाटेल. तसे ते नव्हते. कामाबाहेर त्यांच्याजवळ शब्द नव्हते. मी शाळेतून आलो की मान हलवायचे, मी मान हलवायचो. मधे एकच भिंत होती. संध्याकाळी पलीकडे पिठाचा डबा वाजायचा, एक भाकरी थापल्याचा आवाज यायचा, दुसरी कधी नाही. मग स्टोव्ह बंद व्हायचा. मी दिवा ओढून वाचत बसायचो. मलाही कुणी नव्हतं. दोन मुकी माणसं शेजारी राहत होती आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एकच गोष्ट मला कोड्यात टाकायची. काम नसलं की दुपारी ते फळीवरचा एक जुना मास्टर सिलिंडर काढायचे. पेडल दाबलं की ज्यातून तेल पुढे ढकललं जातं, तो हा बिडाचा भाग. ते तो खोलायचे, आतली रबरं उजेडात धरून बघायचे, परत बसवायचे. तो कुठल्याच गाडीचा नव्हता. म्हणजे होता, पण ती गाडी कुठे दिसत नव्हती.

चहावाल्यानं एकदा सांगितलं. "धाकट्या भावाच्या जीपमधला हाय त्यो. भाऊ पालम-गंगाखेड जीप चालवायचा. लय गुनी पोरगा. मिस्त्रीच्या घरवालीनं वाढवला त्येला, लगीन होऊन आली तवा सात वर्साचा व्हता. एक दिस ह्यायनी त्याच्या गाडीचे ब्रेक केले. घरवालीनं पेडल दाबलं. तवा तीच दाबायची. दुसऱ्या दिशी पहाटं पोरगा गाडी घेऊन गेला आन् नाल्यात गेला. गाडीत एकटाच व्हता, तेवढं बरं. समदे म्हनले, ब्रेक फेल."

"मग?"

"मग काय. तेरावा झाला आन् मिस्त्रीनं तिला इचारलं, 'तू मधीच पाय उचलला व्हतास का?' एवढंच. ती बया काय बोलली न्हाई. टरंक भरली आन् पालमला भावाकडं गेली. चार वर्सं झाली. आता ह्ये त्या सिलिंडरमधी हवा हुडकत बसत्यात."

मला वाटलं, आपली चूक नव्हती हे त्यांना स्वतःला पटवायचं आहे. पुढची तीन वर्षं मी तसंच समजत होतो.

मग नगरपालिकेची एक नोटीस आली. रस्ता रुंद होणार होता, घराचे कागद दाखवा म्हणत होते. मिस्त्रींना अक्षर येत नव्हतं. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून कागदांचं एक गाठोडं काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "ह्यात असंल. तुमीच बगा." मी एकेक कागद उलगडत गेलो. रेशनकार्ड, बियाण्याच्या पावत्या, आणि मग पोलिसांच्या पंचनाम्याची नक्कल. खाली नक्कल मिळाल्याबद्दल त्यांचा अंगठा होता. तो कागद त्यांनी तसाच घडी करून ठेवला होता. सात वर्षांत कुणी वाचून दाखवला नव्हता, त्यांनीही वाचायला सांगितलं नव्हतं. अपघात झाल्यावर ते थेट दवाखान्यात गेले होते, जागेवर गेलेच नव्हते. जीप ज्याची होती त्यानं ती भंगारात घातली, हा एक सिलिंडर तेवढा मिस्त्रींनी मागून घेतला होता.

"हा भावाचा कागद आहे," मी म्हणालो. "बाजूला ठेवू?"

त्यांनी कागदावरच्या अंगठ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हाती आलाच हाय तर वाचा."

मी वाचू लागलो. साक्षीदारांची नावं, वेळ, नाल्याचं अंतर. पुढे असं होतं: 'सदर जीपच्या पुढील उजव्या चाकाची रस्त्यावर घासल्याची काळी खूण अंदाजे पंधरा पावले लांब, डाव्या बाजूकडून उजव्या बाजूकडे गेलेली दिसून येते. इतर चाकांची खूण दिसून येत नाही.'

"थांबा." ते उभे राहिले होते. "परत वाचा."

मी परत वाचलं.

"कोनतं चाक?"

"पुढचं उजवं."

"आन् बाकीचे?"

"इतर चाकांची खूण दिसून येत नाही."

ते खाली बसले. हात मांडीवर पालथे ठेवले. "गुरुजी, फेल झालेला ब्रेक खून ठिवत न्हाई. नळीत हवा असंल तर पेडल खाली जातंय आन् गाडी तशीच पळती. चाकं फिरतच ऱ्हात्यात. चाक अडकल्याबिगर काळं उमटत न्हाई." ते पुढे बोलले, आता माझ्याशी नाही, मांडीवरच्या हातांशी. "त्या दिशी लायनर एकाच चाकाचं मिळालं व्हतं. उजवं नवं बशिवलं. डावं जुनंच ठिवलं, म्हनलं पुढल्या हप्त्यात बघू. त्येला पहाटं जायचं व्हतं." लायनर म्हणजे चाकाला घासून थांबवणारी पट्टी. नवी पट्टी करकचून धरते, जुनी निसटते. "एका बैलानं जागीच बसायचं आन् दुसऱ्यानं चालायचं. गाडी वळनारच की. हे काम कुनी असं करत न्हाई. बदलायचं तर दोन्ही बाजू बदलायच्या. हे मला ठावं व्हतं, गुरुजी."

आणि ते हसले.

त्यांना हसताना मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. "माझी चूक हाय!" ते म्हणाले. "माझी हाय! तिनं न्हाई पाय उचलला!" पोराला नोकरी लागल्याचं सांगावं तसा त्यांचा आवाज झाला होता. मी कागद हातात धरून बसलो. ते आपली सुटका शोधत नव्हते, हे मला त्या क्षणी कळलं. ते तिची शोधत होते. कुठल्याही मालकाच्या सांगण्यावर विश्वास न ठेवणारा हा माणूस 'ब्रेक फेल' या दोन शब्दांवर मात्र विसंबला होता, आणि फेल म्हटलं की त्यांच्या डोक्यात हवा येत होती, आणि हवा म्हटलं की तिचा पाय.

हसून झाल्यावर ते भिंतीकडे तोंड करून बसले. मी माझ्या खोलीत गेलो.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. त्यांनी दाढी केली, धुतलेली पैरण घातली आणि दारात उभे राहिले. "पालमला जायचंय. तुमी बी चला. कागद वाचायला कोन पाहिजे न्हवं?"

मी शाळेत रजेची चिठ्ठी दिली. एसटीत ते खिडकीशी बसले. ड्रायव्हर ब्रेक मारायचा तेव्हा त्यांचा उजवा पाय फळीवर दाबला जायचा.

मिस्त्रींच्या घरच्या, ज्यांना मी मावशी म्हणू लागलो, त्या भावाच्या घराच्या ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. त्यांनी आम्हाला बघितलं, सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन दोन तांबे पाणी आणलं, आणि परत सूप मांडीवर घेतलं. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, वाचा."

मी वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, साक्षीदारांच्या नावांसकट, कारण मधून कुठून सुरू करावं हे मला कळलं नाही. माझा आवाज वर्गात वाचावं तसा लागला. वाचून झाल्यावर मिस्त्रींनी त्यांना उजवं लायनर, डावं लायनर, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुझा काय बी संबंध न्हाई. चूक माझी व्हती."

"झालं सांगून?" मावशी म्हणाल्या.

"झालं."

मला आठवतं, तेवढ्या एका वेळी त्यांनी 'झालं' म्हटलं होतं.

"मला कागूद कशाला दावताव? पाय माझा व्हता. मला ठावं न्हाई का, उचलला का न्हाई ते?"

"मग तवा कामून बोलली न्हाईस?"

त्यांनी एक खडा वेचून अंगणात टाकला. "ते पोरगं माझ्या पदराला धरून मोठं झालं. ब्रेक कशानं गेले त्ये तुमाला मालूम नव्हतं, म्हनून मी न्हाई गेले. तुमी मला इचारलं, म्हनून गेले."

मिस्त्रींनी तांब्या उचलून परत खाली ठेवला. मी कागदाची घडी घातली. थोड्या वेळानं मावशी म्हणाल्या, "गाडी साडेचारला हाय. जेवून जावा." भाकरी, वरण आणि हिरवी चटणी होती. त्यांनी मिस्त्रींना न विचारता तिसरी भाकरी वाढली आणि त्यांनी ती खाल्ली.

परतीच्या एसटीत, पालम मागे पडल्यावर, मिस्त्री खिडकीकडे बघत म्हणाले, "गुरुजी, आता जलमात तिला काय इचारायचं न्हाई. एकदा इचारून बगितलं. घरी ये म्हनून बी न्हाई. तिला वाटलं तर येईल. माझ्या तोंडानं आता काय न्हाई."

मला ते बरोबर वाटलं. मी मान हलवली.

त्यानंतर दर सोमवारी गॅरेज बंद ठेवून ते पालमला जात राहिले. सकाळच्या गाडीनं जायचे, साडेचारच्या गाडीनं परत यायचे. सुट्टी असली की कधीमधी मी सोबत जायचो. ते ओट्याच्या एका टोकाला बसायचे, त्या दुसऱ्या टोकाला. पावसाचं बोलणं व्हायचं, कापसाचं, कुणाच्या तरी म्हशीचं. मावशींच्या भावाला सुरुवातीला हे विचित्र वाटायचं, मग त्यानं मिस्त्रींसाठी ओट्यावर घोंगडी टाकायला सुरुवात केली. मला ते दोघं सुखी वाटायचे. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला शांतता दिसली की तो तिला सुख समजतो.

एका दिवाळीच्या सुट्टीत मिस्त्री पान घ्यायला पुढे गेले होते आणि मावशी मला स्टँडपर्यंत पोचवायला आल्या. गाडी लागलेली होती. पदर सारखा करत त्यांनी विचारलं, "सर, घराचं काई बोलत्यात का कवा? मला न्यायचं?"

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

ते खरं होतं. मी खोटं बोलत नाही. त्यांनी मान हलवली, म्हणाल्या, "बरं," आणि गाडी सुटायच्या आधीच परत वळल्या.

नवव्या वर्षी माझी पाथरीला बदली झाली. मिस्त्रींनी निरोपाला काही म्हटलं नाही. माझी पुस्तकांची खोकी एसटीच्या टपावर चढवून दिली, दोरी ओढून बघितली, आणि म्हणाले, "बघू." पत्र लिहायची सोय नव्हती, त्यांना वाचता येत नव्हतं आणि दुसऱ्यानं वाचून दाखवावं असं मला काही सुचलं नाही. वर्षातून एकदा मी जाऊन यायचो. मग तेही राहिलं.

विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला त्या हिवाळ्यात चहावाल्याचं कार्ड आलं. आमच्या वस्तीत घराघरावर दिवे लागले होते, पोरं पेढे घेऊन दारोदार फिरत होती, आणि कार्डावर तीन ओळी होत्या. मिस्त्री गेले. झोपेतच गेले. घरचे कुणी नाही म्हणून पालमला निरोप दिला आहे.

मी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. दोन दिवसांपूर्वीच सगळं उरकलं होतं. मावशी आतल्या खोलीत होत्या. केस पार पांढरे झाले होते. स्वयंपाकाची जागा त्यांनी झाडून सारवून घेतली होती. अठरा वर्षांनी त्या या घरात आल्या होत्या.

"या सर," त्या म्हणाल्या. "बसा."

मी बसलो. त्या बोलू लागल्या. "अकरा वर्सं सोमवारचे यायचे. चहा प्यायचे, पावसाचं बोलायचे, उठायचे. दर डावाला मी म्हनायची, आज म्हनतेत. उठताना म्हनतेत. एकदा जरी म्हनले असते ना, चल घरी, तर तव्यावरची भाकरी तशीच टाकून निघाले असते मी. पन त्यायच्या मनातच नसंल. चूक झाली म्हनून येत व्हते, दुसरं काय."

तेव्हा मी त्यांना एसटीतलं सांगितलं. पालम मागे पडल्यावर मिस्त्री काय म्हणाले ते, शब्द न् शब्द. ते शब्द मला पाठ होते.

त्या ऐकत राहिल्या. "म्हंजी तुमाला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"स्टँडवर मी इचारलं तवा बी."

"हो. पण तुम्ही विचारलंत, ते बोलतात का. ते बोलत नव्हते."

बोलून गेल्यावर ते वाक्य मला ऐकू आलं. माझी सगळी नोकरी अशीच गेली आहे. मुलं ज्या पुस्तकाचं नाव सांगतील तेवढंच कपाटातून काढून द्यायचं, आणि दार लावून घ्यायचं. शेजारचं पुस्तक कुणाला हवं असेल असं मला कधी वाटलं नाही.

मला वाटलं, त्या आता उठून जायला सांगतील. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी दोन्ही हातांनी डोळे पुसले आणि पाय पोटाशी घेऊन बसल्या.

"लगेच जाऊ नका," त्या म्हणाल्या. "तुमी भिंतीला भिंत लावून ऱ्हायलाव. काय काय बोलायचे, कवा उठायचे, काय खायचे, सगळं सांगा. मी इचारायचं ऱ्हायलं तर ते बी सांगा."

मी सांगू लागलो. उन्हं उतरायच्या आतच माझ्याजवळचं संपलं. नऊ वर्षांचं ते एवढंच निघालं.